देवाचे भय म्हणजे नेमके काय? एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला रविवारच्या शाळेत शिकवले गेले की देव सगळे पाहतो आणि खोटे बोलणाऱ्यांना शिक्षा करतो. तेव्हापासून ती अंधारात झोपायला तयार नाही आणि रात्री दोन-तीनदा उठून तुम्हाला विचारते, ‘देव माझ्यावर रागावला आहे का?’ सासूबाईंचे म्हणणे असे की भय हवेच, कारण बायबलमधल्या नीतिसूत्रांत परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ म्हटला आहे. तुमचे यजमान योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन दाखवतात की पूर्ण प्रीती भीती घालवून देते. या दोघांमध्ये उभ्या राहून तुम्ही विचारता की ‘भय म्हणजे फक्त आदर’ असे मुलीला सांगितले तर चालेल का.

माझ्या समजुतीप्रमाणे यात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. एक पवित्र शास्त्रातल्या शब्दाचा आहे, आणि दुसरा रात्री जागणाऱ्या एका मुलीचा. पहिल्याबद्दल मी बऱ्यापैकी ठामपणे बोलू शकते, कारण गेली सव्वीस वर्षे मी जुना करार शिकवते आणि त्यातली बरीच वर्षे नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये गेली आहेत. दुसऱ्याचे उत्तर तुमचे घर, मुलीचा स्वभाव आणि तिने नेमके काय ऐकले यांवर अवलंबून आहे, म्हणून तिथे मी जपून बोलेन.

‘फक्त आदर’ हे उत्तर मी स्वतः बरीच वर्षे देत असे आणि आता देत नाही. ते सोयीचे आहे, पण खरे नाही. आदर आपण शेजारच्या निवृत्त गुरुजींनाही देतो. ज्याच्यापुढे यशया संदेष्टा ‘हाय हाय, माझे आता वाईट झाले’ असे ओरडला आणि कोळी पेत्र मासळीने भरलेल्या होडीत येशूच्या गुडघ्यांपाशी पडून ‘प्रभूजी, माझ्यापासून जा’ म्हणाला, त्याच्यासमोरच्या अनुभवाला आदर हा शब्द फार तोकडा पडतो. पण तुमच्या मुलीला रात्री जे वाटते आहे तेही परमेश्वराचे भय नव्हे. तिला जे झाले आहे त्याला मराठीत धास्ती म्हणतात.

आपल्या भाषेनेच इथे थोडी मदत केली आहे. आपल्याला कुत्र्याची भीती वाटते, परीक्षेची भीती वाटते. ती आपल्याला न विचारता येते आणि छातीत धडधडते. मराठी पवित्र शास्त्र मात्र देवाच्या संदर्भात वारंवार ‘भय धरणे’ किंवा ‘भय बाळगणे’ असे म्हणते. धरणे आणि बाळगणे या माणसाने जाणूनबुजून करायच्या गोष्टी आहेत. व्रत धरावे, वाट धरावी, तसे भय धरावे. हिब्रूमध्ये असे दोन वेगळे प्रयोग नाहीत. ‘यारे’ हे एकच क्रियापद शत्रूच्या सैन्याला भिण्यासाठी येते, देवाला भिण्यासाठी येते, आणि लेवीय १९:३ मध्ये आईबापांच्या बाबतीतही येते. तिथे आईचे नाव आधी आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. त्यामुळे शब्दकोश उघडून हा प्रश्न सुटत नाही. त्या भयाच्या आधी काय घडले आणि नंतर माणसाने काय केले, हे प्रत्येक कथेत पाहावे लागते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सर्वांत आधी निर्गम २०:२० पाठ करायला लावते, कारण तुमच्या घरातला वाद त्या एका वचनात आहे. सीनाय पर्वत धुमसतो आहे, शिंगाचा नाद होतो आहे, लोक थरथर कापत दूर उभे आहेत आणि म्हणतात की देवाने आमच्याशी बोलू नये, नाहीतर आम्ही मरू. मोशे त्यांना उत्तर देतो: भिऊ नका, कारण देव आला आहे तो तुमची पारख करायला, आणि तुम्ही पाप करू नये म्हणून त्याचे भय तुमच्यासमोर राहावे यासाठी. ‘भिऊ नका’ आणि ‘त्याचे भय’ हे दोन्ही शब्द हिब्रूत एकाच धातूचे आहेत. म्हणजे एक भय सोडायचे आहे आणि दुसरे ठेवायचे आहे, आणि बोलणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटत नाही. पुढच्याच वचनात लोक दूरच उभे राहतात आणि मोशे देव होता त्या दाट अंधाराकडे जातो.

यावरून पुष्कळ उपदेशक असा नियम काढतात की खोटे भय देवापासून दूर नेते आणि खरे भय जवळ आणते. नियम चांगला आहे, मीही वापरते, पण तो सगळीकडे बसत नाही. ‘अनुवाद’ या नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हाच प्रसंग पुन्हा सांगताना देव म्हणतो की लोक बोलले ते ठीकच बोलले, आणि माझे भय धरण्याचे असेच मन त्यांच्या ठायी सदा राहिले तर किती बरे होईल. म्हणजे त्या कापण्यातही काहीतरी होते जे देवाला हवे होते. या अध्यायावर सोपे सूत्र ठेवून पुढे जाता येत नाही, आणि मी तसा प्रयत्न सोडून दिला आहे.

मला स्वतःला ज्या गोष्टीने वाट दाखवली ती म्हणजे भयाची वेळ. आपण गृहीत धरतो की भय संकटाच्या आधी येते आणि संकट टळले की जाते. पवित्र शास्त्रात देवाचे भय पुष्कळदा संकट टळल्यावर येते. निर्गमाचा चौदावा अध्याय पाहा. मिसरी, म्हणजे इजिप्तचे, रथ मागून येताना इस्राएल लोक भयभीत होतात आणि मोशे त्यांना ‘भिऊ नका’ म्हणतो. मग समुद्र दुभंगतो, ते कोरड्या भूमीवरून पार जातात, मिसरी सैन्य बुडते, आणि किनाऱ्यावर सुखरूप उभे राहिल्यावर लिहिले आहे की लोकांनी परमेश्वराचे भय धरले आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. आता त्यांना घाबरवणारे काहीही उरलेले नव्हते.

देवाने सांगितलेले काम टाळून जहाजाने पळणाऱ्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात, हे आणखी बारकाईने दिसते. वादळ उठल्यावर खलाशी भ्याले, असे पाचव्या वचनात आहे. योना आपण कोणापासून पळतो आहोत हे सांगतो तेव्हा, दहाव्या वचनात, ते फारच भ्याले. पण तिसऱ्यांदा तेच क्रियापद सोळाव्या वचनात येते, योनाला समुद्रात टाकल्यावर आणि समुद्र शांत झाल्यावर. तिथे खलाशांच्या भयाला प्रथमच परमेश्वर हे कर्म मिळते: ते परमेश्वराला फार भ्याले, त्यांनी यज्ञ केला आणि नवस केले. सगळ्यांत गमतीची गोष्ट म्हणजे या अध्यायात ‘मी परमेश्वराचे भय धरतो’ असे तोंडाने म्हणणारा एकटा योनाच आहे, आणि तो जहाजाने तर्शीशाला जायचे भाडे भरून त्याच परमेश्वरापासून पळत आहे. मंडळीत जन्मलेल्या आपल्यासारख्या लोकांनी हा अध्याय जरा सावकाश वाचावा.

स्तोत्र १३० मध्ये हीच गोष्ट एका ओळीत आहे: तुझ्या ठायी क्षमा आहे, यासाठी की लोकांनी तुझे भय धरावे. भय म्हणजे शिक्षेची धास्ती असती, तर क्षमेने ते संपायला हवे होते. स्तोत्रकर्ता उलट म्हणतो की क्षमेमुळेच ते सुरू होते. ज्याने आयुष्यभराचे कर्ज बुडीत खात्यावर टाकले त्याच्यासमोर उभे राहताना गुडघ्यांना जो कंप सुटतो तो सावकाराच्या दारात सुटणाऱ्या कंपासारखा नसतो, हे ज्याने दोन्ही अनुभवले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता हे भय दिसते कुठे? लेवीयाच्या पुस्तकात ‘तू आपल्या देवाचे भय धर’ हे वाक्य पाच वेळा येते आणि पाचही ठिकाणी विषय दुर्बळ माणसाचा किंवा व्यवहाराचा आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा. जमिनीच्या व्यवहारात भावाला फसवू नको. कंगाल झालेल्या भावाकडून व्याज घेऊ नको. चाकरीला राहिलेल्यावर कठोरपणे हुकूमत गाजवू नको. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही आणि दगड कोणी ठेवला हे आंधळ्याला दिसणार नाही. राशी या अकराव्या शतकातल्या ज्यू भाष्यकाराने इथे नेमके बोट ठेवले आहे: जी गोष्ट करणाऱ्याच्या मनालाच ठाऊक असते तिथे शास्त्र ‘देवाचे भय धर’ असे म्हणते.

माझे आजोबा आठवडी बाजारात ज्वारी विकत. ते काही संत नव्हते. व्यापाऱ्यांशी आण्या-आण्यासाठी भांडत आणि चर्चमध्ये हमखास डुलकी घेत. त्यांच्याकडे एक म्हातारी यायची, तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. शेराचे माप भरल्यावर इतरांच्या पिशवीत ते झटकन ओतत, पण तिच्या वेळी माप हातात धरून थांबत. ती बोटांनी मापाच्या कडेवरून चाचपत वरच्या शिगेपर्यंत हात नेई, मान हलवी, आणि मगच ते तिच्या पदरात ओतत. मागे गिऱ्हाईक खोळंबले तरी थांबत. मी एकदा विचारले की एवढा वेळ का लावता, तर म्हणाले, ‘हिला दिसत नाही, म्हणून मला नीट मोजावे लागते.’ लेवीय १९:१४ शिकवताना मला अजून ते माप दिसते.

हेच भय मिसरातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींच्या कथेत सत्तेसमोर उभे राहते. इब्री, म्हणजे इस्राएली, मुलगे जन्मताच मारा, असा मिसरचा राजा फारो याचा हुकूम होता. त्या देवाचे भय धरीत असल्यामुळे त्यांनी तो पाळला नाही. देवाला भिणाऱ्या या बायका फारोला भ्यालेल्या दिसत नाहीत. मराठीत ‘पापभीरू’ हा शब्द आपण गरीब, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसाला लावतो. या सुइणी त्या अर्थाने मुळीच पापभीरू नव्हत्या. राजाने जाब विचारला तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावर थापही मारली.

तुमच्या सासूबाई इथे रास्त हरकत घेतील की मग मत्तय १०:२८ चे काय? तिथे प्रभू येशू स्वतः सांगतो की जे शरीराचा घात करतात त्यांना भिऊ नका, तर आत्मा आणि शरीर या दोहोंचा नरकात नाश करायला जो समर्थ आहे त्याला भ्या. हे वचन मी कधीही मऊ करून सांगत नाही. न्याय आहे, आणि देवाशी खेळ करता येत नाही, हे त्यात आहे. मात्र हे कोणाला सांगितले ते पाहावे. ज्यांना पुढे फटके बसणार, न्यायसभांपुढे ओढले जाणार, अशा शिष्यांना ते सांगितले आहे, झोपायला निघालेल्या लेकरांना नव्हे. आणि प्रभू तिथे थांबत नाही. लगेच पुढे तो दमडीला विकल्या जाणाऱ्या दोन चिमण्यांची गोष्ट काढतो, डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत असे सांगतो आणि ‘म्हणून भिऊ नका’ असे म्हणतो. चार वचनांच्या अंतरात ‘भ्या’ आणि ‘भिऊ नका’ दोन्ही आहेत, अगदी सीनायसारखे. ज्यांनी तुमच्या मुलीला शिकवले त्यांनी बहुधा अठ्ठाविसावे वचन शिकवले आणि एकतिसाव्यापर्यंत पोहोचण्याआधी तास संपला.

यजमानांच्या वचनाकडे येते. १ योहान ४:१८ मध्ये पूर्ण प्रीती जी भीती घालवते तिचे कारण योहान तिथेच देतो: भीतीमध्ये शासन असते. आधीच्या वचनात न्यायाच्या दिवसाचा उल्लेख आहे. म्हणजे शिक्षेची वाट पाहत बसणारी भीती प्रीतीने जाते. तरीही ग्रीकमध्ये ‘फोबोस’ हाच शब्द प्रेषितांची कृत्ये ९:३१ मध्ये चांगल्या अर्थाने येतो, जिथे मंडळी प्रभूच्या भयात आणि पवित्र आत्म्याच्या समाधानात चालत होती. त्यामुळे यजमान चुकलेले नाहीत आणि सासूबाईही चुकलेल्या नाहीत. दोघे एका शब्दाची दोन टोके धरून ओढत आहेत.

ज्या भीतीला शास्त्र कुठेच चांगले म्हणत नाही तिचे चित्र रुपयांच्या दाखल्यात आहे, ज्यात धनी आपला पैसा दासांकडे सोपवून प्रवासाला जातो. सर्वांत कमी रक्कम मिळालेला दास म्हणतो की तुम्ही कठोर माणूस आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो आणि तुमचे रुपये भूमीत लपवून ठेवले. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. धन्याविषयीच्या भीतीने त्याच्या हातून घडलेली एकमेव गोष्ट म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. एदेन बागेतला आदामही असेच म्हणतो: मी भ्यालो आणि लपलो. अशा भीतीत वाढलेली माणसे मला मंडळीत भेटतात. ती कुठलीच चूक करत नाहीत, कारण ती काहीच करत नाहीत.

इथून पुढचे मी सांगते ते परिस्थितीप्रमाणे बदलू शकते. ज्या घरात बाप दारू पिऊन मारत असे तिथे वाढलेल्या माणसाला ‘बापाचे भय’ हा दाखला मी देत नाही. त्याच्याशी सुरुवात क्षमेच्या स्तोत्रापासून करते, आणि भय हा शब्द कधीकधी वर्षभर उच्चारत नाही. उलट, मजुरांची मजुरी बुडवून मंडळीला मात्र दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मोजून देणारा सद्गृहस्थ समोर बसला असेल तर त्याला मी मलाखीचा तिसरा अध्याय उघडून देते, जिथे मजुराला, विधवेला आणि पोरक्याला नाडणारे आणि परमेश्वराचे भय न धरणारे एकाच वाक्यात आहेत. कोणी ‘आमची सभा सोडलीस तर तुझ्या घरात अरिष्ट येईल’ असे म्हणत असेल, तर त्या माणसाला स्वतःचा वचक बसवायचा आहे. त्यासाठी तो देवाचे नाव वापरतो.

आणखी एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण दर आठवड्याला येऊन तेच एक पाप पुन्हा कबूल करत असे, आणि प्रार्थनेत एक शब्द चुकला तरी ती पहिल्यापासून म्हणत असे. मी त्याला बरेच महिने वचने देत राहिले. ती माझी चूक होती. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज होती, आणि उपचार सुरू झाल्यावरच त्याला क्षमेची वचने नीट ऐकू येऊ लागली. तुमच्या मुलीचे जागणे काही आठवड्यांत कमी झाले नाही, किंवा ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासू, धुऊ किंवा कबूल करू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. त्यात विश्वासाची काही उणीव नाही.

सध्या मी तुमच्या जागी असते तर रविवारच्या शाळेतल्या शिक्षिकांना एकदा शांतपणे भेटून त्या दिवशी काय शिकवले ते विचारले असते. मुले पुष्कळदा ऐकलेल्यात स्वतःची भर घालतात. ‘देव सगळे पाहतो’ हे वाक्य मी मुलीकडून काढून घेतले नसते. पवित्र शास्त्रात ते वाक्य पुष्कळदा कोणाच्या तरी दिलाशासाठी आले आहे. अब्राहामाची पत्नी सारा हिच्या जाचाला कंटाळून पळालेली तिची दासी हागार रानात झऱ्यापाशी बसलेली असताना देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव देते, ती त्याच्या नजरेखाली सापडली म्हणून घाबरून नव्हे, तर कोणीतरी आपल्याकडे पाहिले म्हणून. मुलीला ही हागार आधी भेटू द्या. ती खोटे बोलली असेल तर तेही ऐकून घ्या, जे दुरुस्त करायचे ते तिच्याकडून करून घ्या, आणि ते संपले असे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

मग एखाद्या रात्री मार्कच्या चौथ्या अध्यायातली होडी वाचा. वादळ, पाण्याने भरत चाललेली होडी, उशीवर डोके ठेवून झोपलेला येशू. तो वाऱ्याला गप्प करतो आणि शिष्यांना विचारतो की तुम्ही असे भित्रे कसे. तिथे ग्रीकमध्ये ‘देइलोस’ म्हणजे घाबरट हा शब्द आहे, ‘फोबोस’ नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाने आपल्याला जो आत्मा दिलेला नाही असे म्हटले आहे तो याच भित्रेपणाचा. पुढच्या वचनात, पाणी अगदी निवांत झाल्यावर, शिष्यांना मोठे भय वाटते, आणि तिथे मात्र ‘फोबोस’ आहे. ते एकमेकांना विचारतात की हा आहे तरी कोण. तुमच्या मुलीला ग्रीक सांगायची गरज नाही. तिला एवढेच विचारा की वादळात ते जास्त घाबरले की वादळ थांबल्यावर, आणि दुसऱ्या वेळी ते होडीतून उडी टाकून पळाले का. मी हा प्रश्न बऱ्याच मुलांना विचारला आहे आणि त्यांची उत्तरे मोठ्यांपेक्षा बरी असतात. ती उत्तर देईपर्यंत खोलीतला दिवा चालू राहिला तरी हरकत नाही.